लेक म्हणते पुलांचीच इंजिनिअर व्हायचंय. या क्षेत्रातल्या मंडळींनी कृपया सांगावं

केवडा | १४ जुलै २०२५, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, पण धागा पहिल्यांदाच काढते आहे. सांभाळून घ्या.

आम्ही महाडचे. मुलगी पुण्यात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली अशा दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. पुढचे कित्येक दिवस गावात दुसरा विषय नव्हता. होड्या, पाणबुडे, क्रेनला बांधलेलं भलंमोठं लोहचुंबक, आणि काठावर उभी राहिलेली त्या गाड्यांमधल्या माणसांची घरची मंडळी. शाळेतून आली की ती एकच विचारायची, "आई, पूल खालून कसा आहे हे कुणी बघत नाही का गं?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

मग नवा पूल सुरू झाला. १६५ दिवसांत झाला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. तेवढ्या दिवसांत किती रविवार ती बाबांबरोबर तिथे जाऊन उभी राहिली असेल, मोजदाद नाही. सिव्हिल घेतलं तेही त्यामुळेच.

आता गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडला, आणि परवा ९ तारखेला गुजरातेत महिसागर नदीवरचा गंभीरा पूल. दोन्ही वेळा तिचा फोन आला. म्हणाली, माझं ठरलंय, पुलांचंच काम करायचं. घरात मात्र एकमत नाही. दीर म्हणतात, सिव्हिलमध्ये काय ठेवलंय, कोडिंगचा कोर्स कर आणि आयटीत जा. मला तिला अडवायचं नाही, पण ती कुठल्या वाटेला लागते आहे ते कळायला हवं. हे इंजिनिअर नेमकं काय काम करतात? साइट बरी की डिझाइनचं ऑफिस? सरकारी परीक्षा द्यावी का? आणि मुलीला साइटवर पाठवणं कितपत ठीक?

जांभा | १५ जुलै, सकाळी ६.५०

केवडाताई, तुमच्या लेकीने बाराव्या वर्षी विचारलेला प्रश्न हाच या धंद्याचा गाभा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरकारी नोकरीत रस्ते-पूल यांवर माझी ३४ वर्षं गेली, बरीचशी कोकणात आणि घाटमाथ्यावर. पुलाच्या इंजिनिअरला आधी नदी कळावी लागते. गर्डर (म्हणजे पुलाच्या तुळया), स्लॅब, सळया हे सगळं त्यानंतर.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका नदीवर पूल करायचा होता. पूर कुठवर येतो ते ठरवायला साहेब मला घेऊन काठच्या वाडीत गेले. त्यांनी पाच घरं निवडली आणि प्रत्येक घरी वेगवेगळं जाऊन विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना देवळात बोलावू या ना. ते म्हणाले, एकत्र विचारलं की पहिला बोलेल त्याचीच री सगळे ओढतात. चौथ्या घरात एक आजी होत्या. त्या उठल्या, माजघराच्या चौकटीवर कमरेच्या थोडं वर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथवर. भाताची कणगी तरंगत होती, मी माळ्यावर बसून बघत होते." मी तिथे खडूची रेघ मारली, बाहेर लेव्हल लावली, स्टाफ धरून उंची घेतली. आमच्या जुन्या तक्त्यात पूररेषा म्हणून जो आकडा होता, त्याच्यापेक्षा ही रेघ एक मीटर दहा सेंटिमीटर वर निघाली. आणखी दोन घरांच्या खुणाही तिच्या आसपासच. पूल त्या रेघेवरून उचलला गेला. गेली चाळीस वर्षं त्यावरून पाणी गेलेलं नाही.

कागदी हिशेबही असतो, तो सोडून चालत नाही. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या घाटातल्या नद्यांसाठी इंग्लिस यांचं सूत्र आहे. सर क्लॉड इंग्लिस, खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्राचे पहिले संचालक. पाणलोट क्षेत्राला १२४ ने गुणायचं आणि क्षेत्रात १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळाने भागायचं. पंचवीस चौरस किलोमीटरचा लहानसा पाणलोट घेतला तरी सेकंदाला साधारण ५२० घनमीटर पाणी येतं. उन्हाळ्यात ज्या ओढ्यात म्हशी बसतात, त्यातून सेकंदाला ५२० घनमीटर! पोरांना हे आकडे पटत नाहीत. जुलैमध्ये एकदा काठावर उभं केलं की पटतात.

आणि पूल खालून बघण्याबद्दल. पुरात पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि बुडाची वाळू-माती उकरून नेतं. याला आम्ही स्कोअर म्हणतो. घातक गोष्ट अशी, की पूर उतरताना तो खड्डा गाळाने परत भरतो. मार्च-एप्रिलमध्ये तपासणीला गेलात तर तळ सपाट दिसतो, सगळं ठाकठीक वाटतं. आमचे साहेब सोळा मिलिमीटरची सळई घेऊन खांबाच्या कडेने टोचत जायचे. मूळ थरात सळई अडते. भरलेल्या खड्ड्यात नुसत्या हाताने दाबली तरी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते. एकदा एका पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी सळई सात फूट आत गेली. साहेबांनी ती तशीच धरून ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिहा." त्या पावसाळ्यात तो पूल जड वाहनांना बंद ठेवला. दिवाळीनंतर खांबाभोवती काँक्रीट आणि दगडांचं पिचिंग केलं.

आज सोनार आहे, पाण्याखालचे कॅमेरे आहेत, पाणबुडे आहेत. ते वापरावेतच. पण त्या सळईने मला जे शिकवलं ते पुस्तकातून कळायला मला दहा वर्षं लागली असती.

क्यूबटेस्ट | १५ जुलै, दुपारी १.१५

काका, सळईचा किस्सा काय सुंदर सांगितलात. आमच्या पिढीला असे साहेब फार कमी मिळाले.

केवडाताई, मी महामार्गाच्या बाजूचं लिहितो. आठ वर्षं झाली, सगळी विदर्भ-मराठवाड्यात. पूल आणि रस्ता लोक एकत्रच धरतात, पण कामाचा पोत निराळा. पुलाला नदी, तशी रस्त्याला माती. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, भेगेत अख्खा हात जातो. तिच्यावर सरळ खडी-डांबर टाकलंत तर दुसऱ्या वर्षी रस्ता लाटेसारखा होतो. म्हणून ती काढून मुरूम भरायचा, किंवा चुना मिसळून तिचा फुगण्याचा गुण मारायचा. मग थर दाबायचा, घनता तपासायची, सीबीआर (थर किती वजन पेलेल त्याचं माप) काढायचा, पुढचा थर. महामार्गाच्या इंजिनिअरचं निम्मं कौशल्य जमिनीखाली गाडलेलं असतं. वरचं डांबर तेवढं लोकांना दिसतं.

एक प्रसंग सांगतो. पहिली नोकरी, वय तेवीस, पगार अठरा हजार. रात्री पेव्हर, म्हणजे डांबराचा थर पसरणारं यंत्र, चालू होता. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल साइटवर पडताना १४० अंशांच्या खाली नसावा असा नियम, कारण थंड माल रोलरखाली नीट बसत नाही, आत पोकळ्या राहतात आणि पुढच्या पावसात तिथूनच खड्डे पडतात. प्लांट लांब होता आणि वाटेत एक टिपर पंक्चर होऊन थांबला. पोचला तेव्हा मी थर्मामीटर खुपसला, ११८. मी म्हटलं, गाडी परत. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, साहेब, एका गाडीने काय होतं? वरिष्ठांना फोन लावला. तेही म्हणाले, टाकून घे. मी माल टाकू दिला नाही. तासभर वाद झाला, पेव्हर उभा राहिला, शेवटी गाडी परत गेली. पुढच्या महिन्यात माझी बदली लांबच्या पॅकेजवर झाली आणि तीन महिने पगार रखडला.

तुमच्या मुलीला घाबरवायला हे लिहीत नाही. हा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतो, फार लवकर येतो, आणि तेव्हा शेजारी कुणी प्राध्यापक नसतो. हे तिला आत्ताच माहीत असलेलं बरं. तो रस्ता अजून माझ्या जाण्या-येण्याचा आहे. त्या पट्ट्यात खड्डा नाही.

यश_नाशिक | १५ जुलै, दुपारी ३.४०

मी स्वतः सिव्हिल करून आयटीत गेलो, म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. काकू, तुमचे दीर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. माझ्या बॅचचे जे साइटवर गेले, त्यांचे पहिली पाच वर्षं हाल झाले. गाव सुटतं, रविवार नसतो, पगार उशिरा. मी घरून काम करतो, आईवडिलांजवळ राहतो. याही गोष्टींना किंमत आहे. मात्र क्यूबटेस्ट यांनी जसा तो पट्टा दाखवला, तसं दाखवायला माझ्याकडे काही नाही, हेही तितकंच खरं. मुलीचा ओढा इतका लहानपणापासूनचा असेल तर तिला थांबवू नका, पण पैशांचा हिशेब डोळे उघडे ठेवून करू द्या.

धारणी | १५ जुलै, रात्री ९.०५

पुण्यात पुलांच्या डिझाइनमध्ये सतरा वर्षं. (आयडी बेअरिंगवरूनच घेतलाय, म्हणजे खांब आणि गर्डर यांच्यामधला आधार.)

यश, तू लिहिलंस ते बरोबर आहे. सुरुवातीचे पगार कमी आहेत आणि ते तसे नसावेत. फक्त एक भर घालतो. या क्षेत्रात पंधराव्या वर्षाचा माणूस पाचव्या वर्षाच्या माणसापेक्षा खरोखरच जास्त उपयोगी असतो. त्याचं शिकलेलं दर तीन वर्षांनी शिळं होत नाही. पन्नाशीतल्या चांगल्या पूल-अभियंत्याला कामासाठी वणवण करावी लागलेली मी पाहिलेली नाही.

डिझाइनच्या ऑफिसात आम्ही काय करतो? सुरुवात वजनांपासून. आयआरसी ६ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) मध्ये ७०-आर नावाचं चाकांचं वाहन दिलेलं आहे, एकूण वजन १०० टन. ते पुलावर कुठे उभं केलं असता कुठल्या भागावर सर्वाधिक ताण येईल ते शोधायचं. मग ब्रेक मारल्याचा धक्का, वारा, भूकंप, तापमानाने होणारं आकुंचन-प्रसरण, पाण्याचा जोर. काँक्रीटसाठी आयआरसी ११२, पाया आणि खांबांसाठी आयआरसी ७८. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण प्रश्न चुकीचा दिला तरी तितक्याच आत्मविश्वासाने देतं. म्हणून आमच्याकडे नवीन मुलांना पहिले सहा महिने प्रत्येक मॉडेलचं हाताने कच्चं गणित करायला लावतो. एका मुलीने असंच एकदा पकडलं, की मॉडेलमध्ये बेअरिंगची मोकळी सरकणारी बाजू आणि जखडलेली बाजू उलट लावली होती. चित्र रंगीत आणि देखणं होतं, पण उन्हाळ्यात लांबणाऱ्या गर्डरने नेमक्या नको त्या खांबाला ढकललं असतं.

साइट की डिझाइन या प्रश्नावर माझं ठाम मत: आधी किमान दीड वर्ष साइट. ज्याने सळयांच्या जाळ्यात व्हायब्रेटरची सुई अडकलेली पाहिली नाही, तो कागदावर इतक्या दाट सळया काढतो की काँक्रीट आत शिरतच नाही. साइट झाली की गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक.

पूल म्हटलं की स्ट्रक्चरल एवढंच डोळ्यांसमोर येतं, पण वाटा अनेक आहेत. जमिनीचं शास्त्र घ्या. काश्मीरमधला चिनाबचा रेल्वे पूल, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, गेल्याच महिन्यात सुरू झाला. तो ज्या भेगाळलेल्या डोंगरउतारावर उभा आहे तो उतार स्थिर ठेवण्याचं काम बंगळुरूच्या आयआयएससीच्या डॉ. जी. माधवी लता यांनी सतरा वर्षं केलं. एका पुलासाठी सतरा वर्षं! जलशास्त्र आहे, बांधणीचं तंत्र आहे. मुंबईच्या अटल सेतूवर पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेक (खालून पट्ट्या जोडून ताठ केलेल्या पोलादी पत्र्याचा पृष्ठभाग) देशात पहिल्यांदा वापरले, त्यातला सर्वांत मोठा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १८० मीटरचा. असे अजस्र तुकडे बार्जवरून नेऊन भर समुद्रात बसवणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. आणि तपासणी-दुरुस्ती. हिच्याकडे आपल्याकडे अजून कमी लोक वळतात आणि खरी गरज तिथेच आहे.

पणजीकार | १६ जुलै, सकाळी ८.३०

दुरुस्तीचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी इंजिनिअर नाही. आमचं घर मांडवीच्या पलीकडे, बेतीच्या बाजूला. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी सातवीत होतो. जेमतेम सोळा वर्षांचा पूल. वडिलांनी अंगणात येऊन सांगितलं तर आजीचा विश्वास बसेना. म्हणाली, दगडाचे शंभर वर्षं राहतात, हा तर सिमेंटाचा. मग पुढे नवा पूल होईपर्यंत आमचं सगळं शिक्षण फेरीबोटीने. पावसात फेरी थांबली की शाळा चुकायची.

नंतर ऐकलं की आतलं पोलाद गंजलं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं का? माझा हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

धारणी | १६ जुलै, सकाळी ११.२०

सांगतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र फारच थोडा सोसतं. म्हणून प्रीस्ट्रेसिंगमध्ये आत नळ्या सोडतात, त्यांतून पोलादी तारांचे केबल ओवतात, जॅक लावून ते प्रचंड ताणतात आणि टोकाला घट्ट अडकवतात. पुस्तकांची चळत दोन्ही बाजूंनी दाबून धरली की आडवी उचलता येते, अगदी तसं. मग नळीत सिमेंटचं पातळ ग्राउट भरतात, तारेला हवा-पाणी लागू नये म्हणून. ग्राउट नीट भरलं नाही, कुठे पोकळी राहिली आणि खारी हवा आत शिरली, की तारा गंजू लागतात. ताणलेल्या तारेला गंज फार झपाट्याने खातो. साध्या सळईचं काँक्रीट आधी फुगतं, तडकतं, तांबडे डाग पडतात, म्हणजे सूचना मिळते. केबलच्या बाबतीत वर सगळं स्वच्छ आणि आत तारा एकेक करून तुटत असतात. मुंबईतल्या वाशीच्या पहिल्या खाडीपुलालाही याच रोगाने लवकर म्हातारं केलं. शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

एल्बेकाठ | १६ जुलै, दुपारी ४.५०

ड्रेस्डेनहून लिहितो आहे. मूळचा सांगलीचा, इथे पूल-तपासणीच्या कामात आहे.

पणजीकार, तुमची मांडवी तशी आमची एल्ब. ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या आधी इथल्या कॅरोला पुलाचा सुमारे शंभर मीटरचा भाग नदीत कोसळला. त्याच्या काही मिनिटं आधीच शेवटची ट्राम त्यावरून गेली होती. कुणालाही इजा झाली नाही, हे निव्वळ नशीब. कारण तेच, ताणलेल्या तारांना आतून पडलेल्या भेगा. पूर्व जर्मनीच्या काळातलं ते पोलाद या रोगाला जास्त बळी पडणारं होतं, आणि भेगांची सुरुवात तर बांधकामाच्या वेळीच, ग्राउट भरण्याआधी झाली होती असं तपासात दिसलं. आता तशा पोलादाच्या पुलांवर ध्वनी टिपणारे सेन्सर बसवतात. आत एक तार तुटली तरी तिचा टणत्कार नोंदला जातो.

केवडाताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नाला या देशात लेखी उत्तर आहे. डीन १०७६ नावाचं मानक. दर सहा वर्षांनी मुख्य तपासणी, मधे तीन वर्षांनी साधी तपासणी, आणि दरवर्षी नजरेखालून घालणं. मुख्य तपासणीची अट अशी की पुलाचा प्रत्येक भाग हाताच्या अंतरावरून पाहायचा. दुर्बिणीने बघितलेलं चालत नाही. मी वर्षातले कित्येक दिवस पुलाखाली टोपलीत उभा राहून काँक्रीटवर हातोडी ठोकत असतो. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं. आत पापुद्रा सुटलेला असला की आवाज बद्द येतो, फुटक्या माठासारखा. आई बाजारात माठ वाजवून घ्यायची, तो कान इथे कामाला आला.

अमेरिकेतही हे एका अपघातातूनच आलं. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, ४६ माणसं गेली, आणि त्यानंतर १९७१ मध्ये तिथे देशभर पूल-तपासणीचे नियम लागू झाले. आपल्याकडेही आयआरसीची एसपी ३५ ही तपासणीची मार्गदर्शिका आहे, चांगली आहे. तिच्याप्रमाणे हातात हातोडी घेऊन खाली उतरणारी शिकलेली माणसं हवीत. तुमच्या लेकीला यातच रस असेल तर मी जमेल ती मदत करीन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मोरीवाली | १६ जुलै, रात्री ११.१०

दिवसभराची पाळी संपवून आत्ता वाचलं. वर सगळे दादा-काका बोलले, मुलीला साइटवर पाठवावं का या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. मी घालते. पुलांच्या साइटवर अकरा वर्षं आहे, लग्न झालंय, एक मुलगा आहे.

ताई, पाठवा. पण नोकरी घेताना तिने काही गोष्टी न लाजता विचाराव्यात. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, प्रत्यक्ष पुलाच्या जागेपासून किती अंतरावर? रात्रीचं काँक्रीट असेल तर परत सोडायला गाडी कोण देणार? राहायची सोय कुठे? माझ्या पहिल्या साइटवर सर्वांत जवळचं स्वच्छतागृह अडीच किलोमीटरवर होतं. मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही आणि वर्षभरात मूत्रपिंडाचा त्रास मागे लागला. हे काही पराक्रम म्हणून सांगत नाही. त्या कंपनीने ती सोय करायलाच हवी होती आणि मी ती पहिल्या दिवशी मागायला हवी होती. पुढच्या साइटवर मागितली, आठ दिवसांत झाली.

दुसरं, सुरक्षितता. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धीच्या पुलावर गर्डर लाँचर (गर्डर उचलून जागेवर बसवणारं यंत्र) कोसळला आणि वीस कामगार, इंजिनिअर गेले. मी तेव्हा दुसरीकडे लाँचिंगवरच होते. सकाळी आमच्या गँगमधल्या मुकादमाने फक्त विचारलं, "मॅडम, आज चढायचं का?" त्या दिवशी आम्ही चढलो नाही. लाँचरचा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पिन, मागचा अँकर, सगळं दिवसभर तपासलं. एक पिन झिजलेली सापडली. शेकडो टनांचा गर्डर हवेत असताना "चालतंय की" हे शब्द जिच्या साइटवर उच्चारले जात नाहीत, ती चांगली इंजिनिअर. माझी कसोटी एवढीच आहे.

आणि मुलींना हे काम झेपत नाही असं कुणी नातेवाईक म्हणाले तर त्यांना शकुंतला भगत यांचं नाव सांगा. पुलांची कामं करणारे एस. बी. जोशी यांची ही कन्या. १९५३ साली व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, पुढे आयआयटी मुंबईत शिकवलं, आणि पती अनिरुद्ध यांच्याबरोबर क्वाड्रिकॉन काढली. सुटे, एकसारखे पोलादी भाग जोडून हवा तेवढा पूल करायचा ही त्यांची पद्धत. पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत, जिथे अवजड यंत्रं नेताच येत नाहीत अशा जागी. आम्हाला चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे नाव कुणी घेतलं नाही. मला ते साइटवर एका म्हाताऱ्या फोरमनने सांगितलं.

पिंपळपान | १७ जुलै, सकाळी ७.४५

मोरीवाली ताई, __/\__

बखरकार | १७ जुलै, सकाळी १०.००

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. वर आयआरसी, आयआरसी येतंय ती इंडियन रोड्स काँग्रेस, स्थापना १९३४. तिच्या मुळाशी १९२७ ची रस्ते समिती आहे आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. स्वतः कायद्याचे माणूस, पण रस्त्यांचा प्रश्न देशपातळीवरचा आहे आणि त्याला स्वतंत्र निधी हवा हे त्यांच्या समितीने मांडलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला. पुढे १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची पहिली रस्ते योजना झाली. तिचं नावच नागपूर योजना. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आज आपल्याला नैसर्गिक वाटणारी वर्गवारी त्या बैठकीची देणगी. तुमच्या मुलीला मुलाखतीत कुणी विचारलंच तर उपयोगी पडेल.

जांभा | १७ जुलै, सायंकाळी ५.३०

सरकारी परीक्षेचं राहिलं होतं. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे, कनिष्ठ अभियंत्यांची भरती वेगळी होते, दिल्लीची आयईएस आहे. द्यावी, पण त्यासाठी आयुष्याची पाच वर्षं खोलीत कोंडून घेऊ नये. नोकरी करत दोन प्रयत्न करावेत. आमच्या काळी बीई झालं की कामाला लागायचो, कामातच शिकायचो. आता मुलं सव्विसाव्या वर्षापर्यंत पूल फक्त पुस्तकात बघतात, याचं मला वाईट वाटतं.

सरकारी बाजूला एक गोष्ट मिळते ती दुसरीकडे नाही. तुमच्या हद्दीतले दीडशे पूल आणि मोऱ्या वर्षानुवर्षं तुमच्याच असतात. कुठल्या मोरीत झाडोरा अडकतो, कुठल्या कमानीत पिंपळ रुजलाय, कुठल्या जॉइंटमधून पाणी खांबावर ठिबकतं, हे पाठ होतं. त्या बदल्यात सहीची जबाबदारी असते. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याआधी झालेल्या ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला होता. ती बातमी वाचून मी निवृत्त झालेलो असूनही कपाटातल्या जुन्या डायऱ्या काढल्या. कुठल्या पुलाबद्दल काय लिहिलं होतं ते रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. माझी सही जिथे जिथे आहे तिथे मी खरंच खाली उतरलो होतो का, हे स्वतःला विचारत होतो. दोन पुलांच्या बाबतीत उतरलो नव्हतो. पाणी फार होतं, वरूनच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपविभागातल्या पोराला फोन केला आणि सांगितलं, बाबा, हे दोन तू नीट बघ. त्याने बघितले. एकाचं बेअरिंग बदलावं लागलं.

केवडा | ३ ऑगस्ट, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने धागा तीनदा वाचला. मोरीवाली ताईंचा प्रतिसाद छापून मी दिरांना वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, पण तिला काल सेफ्टी शूज घ्यायला पैसे दिले.

ठरलं असं: शेवटचं वर्ष झालं की दीड-दोन वर्षं पुलाची साइट, बरोबर गेटचा अभ्यास. एल्बेकाठ यांना तिने व्यनि केला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्या भागातल्या चार जुन्या लहान पुलांची तपासणी करायची परवानगी मागणारा अर्ज कॉलेजमार्फत गेला आहे.

काल २ ऑगस्ट होता. आम्ही दोघी सावित्रीवर जाऊन आलो. पाणी गढूळ आणि भरून चाललं होतं. ती कठड्यापाशी बराच वेळ उभी होती. आम्ही २२ जुलै २०२१ चा पूरही पाहिलाय, घरात पाणी होतं. परत आल्यावर तिने आमच्या जिन्याजवळची तेव्हाची खूण टेपने मोजली आणि वहीत लिहिली. मग शेजारच्या दोन घरांत गेली, वेगवेगळी.

जांभा काका, तिचा तुम्हाला एक प्रश्न आहे. ती सळई टोचायची ती नेमकी केव्हा आणि किती अंतराने?

जांभा | ४ ऑगस्ट, सकाळी ६.१५

नोव्हेंबरच्या शेवटी, पाणी गुडघ्याखाली आलं की. आत्ता मुळीच नाही. खांबाच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी येतं त्या बाजूने सुरुवात करायची, एक-एक फुटावर, पूर्ण गोल. दहा फुटी सळई घे, दर फुटावर रंगाची खूण कर. एकटीने उतरायचं नाही, कमरेला दोर आणि काठावर माणूस हवा. नदीत रोज होडी घालणारा कुणी असेल तर आधी त्याला विचार, पाय कुठे खचतो ते. चारही पुलांचे खांब मोजून झाले की आकडे इथेच टाक, मी बघतो.